क्रँकशाफ्टच गेला तर सेटरने करायचं काय?

मायक्रॉन
भोसरीत 22 वर्षं मशीनवर आहे, त्यातली 14 सेटर म्हणून, म्हणजे मशीन जुळवून देणारा. काम सगळं इंजिनाचं, क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनात फिरणारे दांडे. विजेच्या गाडीत या दोन्हींचं काहीच काम नाही, त्यामुळे टपरीवर रोज हाच विषय. माझं मत सांगतो, शिव्या घालायच्या तर घाला: नोकरी कुणाचीच पक्की नाही, पण ज्याला माप कळतं तो उपाशी मरत नाही.

मागे मोटरच्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचा (बाहेरच्या कवचाचा) ट्रायल लॉट आला. बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, 200 मिमी. मशीनवर माप ओके, सकाळी क्वालिटीत तोच बोअर लहान! पोरं ऑफसेट, म्हणजे मशीनमधली मापाची दुरुस्ती, बदलत बसलेली. मी मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या जॉबला (तयार होणाऱ्या तुकड्याला) हात लावला, तर चांगला कोमट. 10 अंशांच्या फरकाने एवढा बोअर 0.046 मिमी फुगतो. म्हटलं, आधी गार होऊ द्या, मग बोअर गेज घाला. हे मी इंजिनाच्या कामातच शिकलो, हाउसिंगवर कामाला आलं.

गिरणगावकर
अर्धंच खरं आहे. माझे वडील लोअर परळला गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. तुटलेला धागा बोलता बोलता जोडायचे. 18 जानेवारी 1982 ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर. पुढे वडील भिवंडीत पॉवरलूमवर गेले. हात तोच, पण मजुरी मीटरवर. फंड नाही, रजा नाही. कसब टिकलं हो, पगार कुठे टिकला?
आणि तुमची ती ऑफसेटवाली पोरं कायम आहेत की कंत्राटी?

मायक्रॉन
कंत्राटी. सात महिने झाले की ब्रेक, कामावरून कमी.

गिरणगावकर
मग सात महिन्यांत कोमट जॉब ओळखायला कोण शिकणार? तुम्हाला 22 वर्षं राहू दिलं, म्हणून तुमच्या हातात कसब आलं. आधी नोकरी टिकली, मग कसब. तुम्ही उलटं सांगताय.

सीएमएमवाली
दोघांनाही एक विचारते. मी सीएमएमवर, म्हणजे माप तपासायच्या मशीनवर. आमच्या नव्या मशीनला प्रोब (जॉबला टेकून माप घेणारी सुई) आहे, तापमानाची भरपाई मशीन स्वतः करतं. दादा, तुमच्या हाताला कोण विचारणार?

मायक्रॉन
ताई, सेन्सर कुठे बसवलाय? जॉबवर की मशीनच्या बॉडीत?

सीएमएमवाली
बॉडीत. म्हणजे जॉब कोमट आहे हे त्याला कळणारच नाही. बरं, कळलं.

मायक्रॉन
गिरणगावकर, ब्रेकच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, खोटं कशाला बोलू. धाकटा दहावी झालाय. आयटीआयच्या फॉर्मवर मशिनिस्ट पहिलं टाकावं असं माझ्या मनात. बायको म्हणते इलेक्ट्रिशियन. पक्कड-टेस्टर घेऊन पोरगा कुठेही पोट भरेल, मशिनिस्टला मशीन मालकाचंच लागतं.

गिरणगावकर
वहिनींचं ऐका.