घसा बसलाय, मध घेतेय, तुमचे अनुभव सांगा

दापोलीकरीण:
गणपती गेले आणि जाताना माझा आवाज घेऊन गेले. पाच दिवस आरत्या, रात्री वाडीतलं भजन, गजराला तर मागे बसून मीच जास्त ओरडत होते, वर विसर्जनाला भिजले ते वेगळंच. आता मुलगा म्हणतो, आई तू फोनवर बाबांसारखी वाटतेस. सासूबाईंनी फडताळातून मधाची बाटली काढून दिलीय, आल्याचा रस चमचाभर, तेवढाच मध, चिमूटभर मिरपूड, दिवसातून तीनदा. चाटलं की दहा-पंधरा मिनिटं घसा मऊ होतो, मग परत खरखर चालू. तुमच्याकडे काय करतात ते सांगा, आणि फरक पडला नसेल तर तेही सांगा, रामबाण वगैरे नको.

रात्रीचो राजा (कुडाळ):
मी दशावतारात काम करतो, घसा म्हणजे आमची भाकरी. कार्तिकापासून जत्रा चालू झाल्या की रोज वेगळं गाव, रात्रभर नाटक, बाराच्या थंडीत उघड्यावर गाणं आणि सकाळी टेम्पोत झोप. आमच्याकडे प्रत्येकाच्या पेटीत रंगाच्या डब्यांशेजारी मधाची छोटी बाटली असतेच. पद्धत अशी, की तोंड रंगवायच्या आधी अर्धा चमचा नुसता मध बोटाने चाटायचा, वर पाणी प्यायचं नाही, घशावर जरा बसू द्यायचा. त्याने कोरडेपणा जातो, ठसका येत नाही. पण खरं सांगायचं तर पडलेला आवाज मधाने उठत नाय. तो दोन दिवस गप्प बसल्यावर उठतो, आणि सीझनमध्ये गप्प कोण बसणार! आमचे पेटीमास्तर (हार्मोनियम वाजवणारे) गालात ज्येष्ठमधाची कांडी धरतात. नावात मध आहे पण ते झाडाचं मूळ, मधाशी संबंध नाही, एका नवीन पोराने ते मधात बुडवून वाळवलेलं लाकूड समजून महिनाभर खाल्लं होतं.

चौलची ताई:
माझा अनुभव शून्य. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि झोप, बास.

बागवाला, देवगड:
मध कसला घेताय ते आधी बघा. बागेत माझ्या सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. मोहोरावर तुडतुड्यासाठी फवारणी असते तेव्हा पेट्या उचलून लांब न्यायच्या, नाहीतर सकाळी पेटीपुढे माश्यांचा सडा पडतो, एका वर्षी मी आळस केला आणि दोन पेट्या गेल्या. त्यामुळे मध वर्षाला घरापुरताच. पोरं लहान होती तेव्हा खोकल्याला तोच, रात्री झोपताना एक चमचा. आग्या मोहोळाचा मध पातळ असतो, पाणी जास्त, बाटलीत फेस येतो कधीकधी, त्याला लोक खराब म्हणतात. आणि मधाला साखर धरली की भेसळ, हा तर घरोघरचा समज. शेजारणीने थंडीत गोठलेली पूर्ण बाटली माडाच्या आळ्यात ओतली, मी पोचेपर्यंत मुंग्यांनी जेवण उरकलं होतं. अहो, मधातलं ग्लुकोज गोठतं, चांगला मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, सुटतो. उलट पाण्यात थेंब टाकून बघणं, काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढून बघणं याने काही कळत नाही. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँड तपासून घेतले, त्यातले 10 नापास, साखरेचा पाक होता आणि साध्या चाचण्यांत तो पकडलाही जात नव्हता. मग आपली काडी काय पकडणार?

गुहागरची आजी (नात टाईप करतेय):
आमच्या कुंपणाला अडुळसा. पिकली पानं घ्यायची, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर वाफवायची मगच रस निघतो, हिरवी तशीच कुटलीत तर चोथा हातात. तो रस दोन चमचे आणि मध एक. कडू इतकं की आमचा मुलगा माडावर चढून बसायचा. आणि बाळ जन्मलं की सोन्याच्या अंगठीने जिभेवर मध लावायचा, माझ्या चारही मुलांना लावलाय.

पीएचसीतली सिस्टर:
आजी, अडुळशाला माझा नमस्कार, खोकल्याचं ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्याच व्हॅसिसीनवरून निघालंय. पण बाळाला मध नको हो. वर्षाच्या आत अजिबात नाही, थेंबभर पण नाही, गुटी उगाळायला पण नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट ते सांभाळतं, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी होत नाही, मग बाळ नीट ओढत नाही, रडणं बारीक होतं, मान ढिली पडते. मध उकळला तरी हे बीजाणू घरच्या आचेवर मरत नाहीत. चार मुलांना काही झालं नाही हे नशीब, दरवेळी होतंच असं नाही पण होतं तेव्हा बाळ व्हेंटिलेटरवर जातं. वर्षावरच्या मुलाला मात्र रात्री अर्धा-एक चमचा खुशाल द्या. 2018 चा कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा आहे, मध दिलेल्या मुलांचा खोकला काहीच न दिलेल्यांपेक्षा लवकर कमी झाला, पण फायदा पहिल्या तीनेक दिवसांतच, पुढे नाही.

गुहागरची आजी:
आजी म्हणतायत, कळलं गो बाय. पुढच्या महिन्यात पणतू आहे, अंगठी नुसती कपाळाला लावीन.

रत्नागिरीचे काका, शुगरवाले:
खोकल्याला सितोपलादि चूर्ण मधातून घ्या म्हणाले, घेतलं. नैसर्गिक गोड म्हणून दिवसाला चार चमचे, शिवाय जेवणानंतर एक तसाच, आवडला म्हणून. आठ दिवसांनी उपाशीपोटीची शुगर बघून डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मधात शंभर ग्रॅमला ऐंशीच्या वर साखरच असते म्हणे. आता सितोपलादि कोमट पाण्यातून घेतो, बेचव लागतं, पण खोकला तेवढाच कमी होतो, म्हणजे मी मध कशासाठी खात होतो ते उघड आहे.

चौलची ताई:
काका 😂

वेंगुर्ल्याचा एक जण:
हसणं चाललंय त्यात जरा वेगळं सांगतो. माझा धाकटा भाऊ बोटीवर खलाशी. खोकला लागला, आईने मध-हळद दिली, खारं वारं लागलंय म्हणाली, सगळ्यांना पटलं. बोटीवर जाताना बाटली बरोबर. तीन आठवडे गेले, संध्याकाळी अंग गरम व्हायचं ते त्याने कोणाला सांगितलंच नाही, पँट सैल झाली तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. औषध फुकट, सहा महिने घेतलं, आता ठणठणीत आहे, परत समुद्रावर जातो. पण त्या तीन आठवड्यांत तो दोन वर्षांच्या पुतणीला मांडीवर घेऊन बसायचा, हे आठवलं की आईला अजून झोप येत नाही. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासा, मध काय नंतर पण चाटता येतो.

पीएचसीतली सिस्टर:
हे फार बरं केलंत लिहिलंत. पुतणीला तपासलं ना?

वेंगुर्ल्याचा एक जण:
हो, घरातल्या सगळ्यांना. ती ठीक आहे, तिला काळजी म्हणून गोळ्या दिल्या होत्या.

दापोलीकरीण:
सातवा दिवस, आवाज आला. मधाने की कुडाळच्या राजांचं ऐकून दोन दिवस चिठ्ठ्यांवर संसार केला त्याने, सांगता येत नाही (नवरा म्हणतो चिठ्ठ्या चालू ठेव). सासूबाईंना बाळाचं वाचून दाखवलं, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या शेजारच्या बाळंतिणीला पण सांगून ये. आज सकाळी आल्याचा रस काढून बाटली उपडी केली तर रिकामी. मी सहा दिवसांत एवढा खाल्लेला नाही. मुलाच्या दप्तरातून घावनाचा डबा काढला, तळाला चिकट.