कसाऱ्याच्या चढाला गाडी दमते, इंजिनाला गार हवा कशी द्यावी?

पाथर्डीफाटावाला
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नाही, ९४ हजार किमी झालेत. नोकरी भिवंडीला, दर शुक्रवारी नाशिकला घरी येतो. दिवाळीत एका मित्राच्या नादाने एअर फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवला. आवाज एकदम रांगडा झाला, थंडीभर मी खूश. एप्रिल लागला आणि मजा गेली. दुपारी तीनची वेळ, एसी चालू, आत चौघं, कसाऱ्याचा चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्ये यावंच लागतं. त्यातही गाडी ओढत नाही, नुसती ओरडते.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र लावून आयएटी, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, बघितला. बाहेर ४० अंश असताना घाटात ट्रकमागे ६६, आणि द्वारकेच्या सिग्नलला उभं असताना ७१! दुकानदार म्हणतो अॅल्युमिनियमचा पाइप टाक, वरून हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळ, साडेचार हजार होतील. टाकू का? आणि कृपया ‘समृद्धीच्या बोगद्यातून ये’ असं सांगू नका, टोल मला भरावा लागतो.

निवृत्त_टेस्टबेड
साडेचार हजार खिशात ठेवा.

अंबडला इंजिन टेस्टिंगवर माझी २८ वर्षं गेली. तिथे भिंतीवर एक तापमापक आणि एक बॅरोमीटर टांगलेला असे. इंजिनाने कितीही ताकद दाखवली तरी या दोघांना विचारल्याशिवाय आकडा रजिस्टरमध्ये चढत नसे, सगळं २५ अंशांच्या हवेवर आणून लिहायचं. नवीन लागलेली पोरं मे महिन्यात दुसऱ्या पाळीला धावत यायची, ‘साहेब, सकाळचं इंजिन आता कमी दाखवतंय.’ इंजिन तेच, हवा तापलेली.

तुमचाच हिशोब करू. हवेची घनता केल्व्हिन तापमानावर ठरते, म्हणून तापमानात २७३ मिळवा. बाहेरची हवा ३१३, तुमच्या फिल्टरमधली ३३९. भागाकार केला तर हवा साडेसात टक्क्यांच्या आसपास विरळ झाली. ऑक्सिजन तितका कमी, म्हणून पेट्रोलही तितकं कमी. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, म्हणजे घाट संपतो तिथे हवा मुळातच सहा-सात टक्के पातळ. वर एसीचा कॉम्प्रेसर, वर चार माणसं. आणखी एक चोर आहे तो दिसत नाही: हवा फार गरम आली की नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इग्निशनचं टायमिंग मागे घेतो, ठिणगी जरा उशिरा टाकतो. ओढ गेली असं वाटतं त्यात याचाही हात असतो.

आता पाइपाबद्दल. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबलेला असताना हवा त्या पाइपातून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते, तिला तापायला वेळच मिळत नाही. त्यामुळे पाइप कशाचा आणि त्यावर काय गुंडाळलंय याला फार अर्थ नाही. हवा *कुठून* घेतली हाच सगळा प्रश्न. तुमचा कोन बोनेटच्या आत, रेडिएटरच्या पंख्यामागे बसून श्वास घेतोय. भट्टीसमोर बसून वारा खाण्यातला प्रकार. कंपनीचा कुरूप काळा डबा पुढच्या जाळीपाशी तोंड काढून बाहेरची हवा ओढतो. आवाज कमी करतो म्हणून लोक त्याला नावं ठेवतात.

सिग्नलचा ७१ मात्र विसरा. उभ्या गाडीत सेन्सर आणि त्याच्या आजूबाजूचं सगळंच तापतं, गाडी हलली की उतरतो. खरा आकडा घ्यायचा असेल तर साठ-सत्तरच्या वेगाने पाच मिनिटं सलग चालवा आणि बाहेरच्या तापमानापेक्षा किती वर आहे ते बघा. पाच ते दहा अंश असेल तर झोपा निवांत.

आणि हो, गार हवेने मायलेज वाढेल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. अर्ध्या अॅक्सिलरेटरवर हवा थोडी गरम असली तरी तुम्ही पाय जरा जास्त दाबता, एवढंच. फरक चढाला, पूर्ण दाबल्यावर.

द्राक्षवाला_निफाड
काकांनी पेट्रोलचं सांगितलं, मी डिझेलचं सांगतो. आपली पिकअप, टर्बोवाली. मार्चमध्ये पिंपळगावला क्रेट भरून नेताना काळा धूर आणि ओढ नाही. फिटर म्हटला टर्बो गेला, पंचवीस-तीस हजार धरा. मी म्हटलं थांब जरा. पुढून इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीत) टॉर्च मारली तर पलीकडे उजेड दिसेना! शेतरस्त्याची धूळ, त्यावर फवारणीचा तवंग, वर चिलटं, सगळ्याचं चांगलं सारवण झालेलं. टर्बोतून हवा दाबून निघते तेव्हाच शंभराच्या वर तापलेली असते. ती जिथे निवायची तीच जागा बुजलेली.

मागच्या बाजूने साध्या पाइपाने पाणी मारलं, अर्धा तास चिखलच निघत होता. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या होतात. मग एका होजची क्लॅम्प ढिली दिसली, खाली तेलकट ओल होती. ती आवळली. खर्च शून्य, टर्बो अजून तोच.

सिडकोची_सोनल
पाथर्डीफाटा दादा, कुणी ‘बंपरच्या खाली फिल्टर नेऊ, तिथे एकदम गार हवा’ म्हणालं तर त्यालाही नाही म्हणा. माझ्या मावसभावाने तसंच केलं होतं. जुलैत गुडघाभर पाण्यातून गाडी काढली, फिल्टरने पाणी ओढलं, पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन उघडायचं बिल बघून मावशी दोन दिवस त्याच्याशी बोलत नव्हती.

पाथर्डीफाटावाला
काका, डबा माळ्यावरच होता, आज बसवला. पण एक गंमत. डब्याचं तोंड जाळीपर्यंत पोचतच नाही! मधलं काळं नळकांडं गायब. आठवलं, मागच्या वर्षी बंपर रंगवायला दिला होता, तेव्हा त्यांनी परत लावलंच नसणार. म्हणजे कोन लावायच्या आधीही गाडी आतलीच गरम हवा खात होती?

निवृत्त_टेस्टबेड
बहुतेक तसंच. रंगकामानंतर हे फार होतं. आणखी एक बघा: बोनेटच्या पुढच्या कडेला, रेडिएटरच्या वर, रबराची लांब पट्टी असते. ती नसली तर रेडिएटरची गरम हवा वरून फिरून पुन्हा पुढे येते आणि तुमचं नळकांडं तीच ओढतं. ही पट्टी ‘काही कामाची नाही’ म्हणून काढून फेकणारे मी पाहिलेत.

पाथर्डीफाटावाला
शुक्रवारचा हिशोब देतो. नळकांडं जुन्या गाड्यांच्या पार्टवाल्याकडे साडेतीनशेला मिळालं. पट्टी होती, पण अर्धी लोंबत होती, ती नीट दाबून बसवली. त्याच वेळेला निघालो, बाहेर ३९. घाटात ट्रकमागे ५२. घोटीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर सत्तरला ४६.

रॉकेट वगैरे झालेली नाही. एका वळणाला दुसरा गिअर टाकावाच लागला, पण टाकल्यावर गाडी उचलली, आधीसारखी नुसती ओरडली नाही. आवाज मात्र पुन्हा शिलाई मशीनचा. बायको म्हणाली, बरं झालं, आता गाणी ऐकू येतात.

डब्याची एक क्लिप तुटली आहे, तिथे तूर्त तांब्याची तार पिळून बांधलीय.

निवृत्त_टेस्टबेड
३९ ला ४६, उत्तम. तार मात्र आजच काढा. डबा तिथे नीट बसला नसेल तर फटीतून धूळ फिल्टरला वळसा घालून थेट सिलिंडरमध्ये जाते, आणि तार घासून शेजारच्या वायरिंगचं प्लास्टिक खाते ते वेगळंच. तुटलेली क्लिप नमुन्याला घेऊन द्वारकेच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा. दोन घ्या, दुसरीही तुटणार आहे.