विषय: शाळेत वाचनाला मदत आणि २०१३ची केस

नमस्कार मंडळी,

हे पत्र आपली ईमेल लिस्ट सांभाळणाऱ्या ताईंच्या हातून येतंय. नाव मुद्दाम घातलेलं नाही, समजून घ्या.

लेक इथे ब्रिटनमध्ये इयर टूमध्ये (सहा-सात वर्षांच्या वर्गात) आहे. शाळेने पालकांना विचारलंय, बुधवारी सकाळी तासभर येऊन मुलांचं वाचन ऐकाल का? मी उत्साहाने हो म्हणालो. मग शाळेच्या ऑफिसातून डीबीएसचा, म्हणजे जुने गुन्हे तपासण्याचा फॉर्म आला आणि पोटात गोळा आला.

डिसेंबर २०१२. ऑफिसची ख्रिसमस पार्टी. रात्री शहाण्यासारखा टॅक्सीने घरी आलो, चार तास झोपलो आणि सकाळी सातला गाडी काढली. राउंडअबाउटवर पोलिसांनी थांबवून फुंकायला लावलं. श्वासातल्या दारूची मर्यादा ३५, माझे ४८. जानेवारीत कोर्ट, दंड, चौदा महिने लायसन्स जप्त. कोर्स केला म्हणून साडेतीन महिने सुटले. उरलेले साडेदहा महिने दोन बसेस बदलून ऑफिस गाठलं. सासऱ्यांना आजही एवढंच माहीत आहे की जावयाला तेव्हा डोळ्यांचा त्रास होता.

आता हे शाळेसमोर येणार का? हेडबाईंना कळलं तर गेटवरच्या सगळ्या पालकांना कळेल अशी धास्ती वाटते. ‘नोकरीमुळे जमत नाही’ असं कळवून मोकळा होऊ का?

– एक पालक

~

प्रिय पालक,

लपवाछपवी कशाला? सरळ हेडबाईंना भेटून सगळं सांगून टाका. कर नाही त्याला डर कशाला? माझी इथे पस्तीस वर्षं गेली, गोऱ्या माणसाला प्रामाणिकपणा आवडतो.

– आपला, काका (माजी खजिनदार)

~

काका, रागावू नका, पण ‘कर नाही’ कुठलं? त्यांनी केलंय, शिक्षाही भोगलीये. प्रश्न आता सांगणं लागतं का, एवढाच आहे. मी एका प्रायमरीत सहा वर्षं गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळावर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे इंग्लंड-वेल्सचं. ग्लासगोकरांनी स्वतःला लावून घेऊ नये, तिकडे स्कॉटलंडात पीव्हीजी नावाची वेगळी तपासणी असते.

शाळेच्या अशा कामाला सहसा एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे जास्त कसून केलेली तपासणी मागतात. जुन्या शिक्षा ‘स्पेंट’ झाल्या, म्हणजे त्यांची ठरलेली मुदत उलटली की सांगाव्या लागत नाहीत हा १९७४चा कायदा, पण मुलांबरोबरची कामं १९७५च्या आदेशाने त्यातून वगळली. म्हणून लोकांना वाटतं की शाळेपुढे जन्मभराचं सगळं उघडं पडतं. तसं नाही, मध्ये एक चाळणी आहे. तेव्हा वय अठराच्या वर, तुरुंगवास नाही आणि गुन्हा ठरावीक यादीतला नाही, तर दोषी ठरल्यापासून अकरा वर्षांनी ती नोंद डीबीएसच्या सर्टिफिकेटवरून गळते. दारू पिऊन गाडी चालवणं त्या यादीत नाही. तुमची अकरा वर्षं जानेवारी २०२४ला भरली.

यादीतले गुन्हे मात्र कधीच गळत नाहीत. लैंगिक गुन्हे अर्थातच, पण मारामारीत समोरच्याला इजा झाली आणि एबीएच (शारीरिक इजा केल्याचं कलम) लागलं, तर तेही कायमचं. शिवाय स्थानिक पोलिसांना एखादी माहिती या कामाशी खरंच संबंधित वाटली तर ते ती घालू शकतात. तेरा वर्षांपूर्वी एकदा फुंकलेले ४८ त्यात बसतील असं मला वाटत नाही.

एक केस सांगते. एका बाईने १९९९मध्ये सँडविच उचललं, मग ९९ पेन्सचं एक पुस्तक. बेघर होती, स्किझोफ्रेनियाचं निदानही तेव्हा झालेलं नव्हतं. तारखेला कोर्टात गेली नाही, तो दुसरा गुन्हा झाला. पुढे बरी झाली, टीचिंग असिस्टंटचं शिक्षण घेतलं, पण नोकरी मिळेना. तेव्हाच्या नियमाने एकाहून जास्त गुन्हे असले की कितीही किरकोळ असोत, सगळे कायम दिसत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, जानेवारी २०१९मध्ये कोर्टाने तो नियम चुकीचा ठरवला आणि २८ नोव्हेंबर २०२०पासून तो गेला. तुमची केस एकच आहे, पण एकाहून जास्त किरकोळ गुन्हे असलेल्या कितीतरी जणांना त्या ९९ पेन्सचा फायदा मिळतोय.

फॉर्मवरचा प्रश्न नीट वाचा. ‘प्रोटेक्टेड नसलेला’ गुन्हा आहे का, असं विचारलेलं असतं. प्रोटेक्टेड म्हणजे त्या चाळणीतून गळलेला. तुमचा आता प्रोटेक्टेड आहे, म्हणून ‘नाही’ हे खरं उत्तर. यात लपवणं नाही, काका. खात्री हवी तर आधी एक्रो या पोलिसांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाकडून स्वतःची पोलिस नोंद मागवा, फी नाही. पण ती बघून घाबरू नका. पोलिसांच्या संगणकावर नोंद तुमचं वय शंभर होईपर्यंत राहते. तिथे असणं वेगळं, सर्टिफिकेटवर येणं वेगळं. अनलॉक नावाची संस्था याच विषयात सल्ला देते.

सर्टिफिकेट फक्त तुमच्या घरी येतं, तुम्ही ते शाळेला दाखवता. आणि समजा, काही दिसलंच, तरी निर्णय हेडचा. आमच्याकडे एका आजोबांचं नव्वदच्या दशकातलं एबीएच आलं होतं. हेडने बोलावून चहा दिला, काय झालं होतं ते विचारलं, दोन परिच्छेदांची नोंद लिहिली आणि आजोबा लायब्ररीत रुजू झाले. गेटवर कुणाला पत्ता नाही.

– शाळेची ताई

~

ताई, जाता जाता एक विचारतो. आपल्या शनिवारच्या मराठी शाळेच्या फॉर्मवर तर ‘आयुष्यात कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात का?’ असं आहे. मागच्या वर्षी दोघांनी फॉर्म नेला आणि परत आणलाच नाही. आपल्याला वाटलं कंटाळा.

– शाळा समिती

~

अरे देवा. तो फॉर्म मीच टाइप केलाय, कुठल्यातरी क्लबचा समोर ठेवून. असं सरसकट विचारायचा आपल्याला अधिकारच नाही. या आठवड्यात बदलते. त्या दोघांना कोणी ओळखत असेल तर माझ्या वतीने सॉरी सांगा.

– शा. ता.

~

मंडळी,

पाच आठवड्यांनी लिहितोय. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. नागरिकत्वाच्या अर्जात हीच केस ‘हो’ म्हणून लिहिली होती, कारण तिथे या कायद्याची सवलत नाही. त्यामुळे हात जरा अडखळला. सर्टिफिकेट आलं त्या दिवशी पाकीट दुपारभर मायक्रोवेव्हवर पडून होतं. शेवटी बायकोने फोडलं. प्रत्येक रकान्यात ‘नन रेकॉर्डेड’, म्हणजे नोंद काहीच नाही.

बुधवारी शाळेत गेलो. ऑफिसातल्या बाईंनी कागदाचा नंबर टिपून घेतला, गळ्यात पट्टा दिला आणि टॉयलेट कुठे आहे ते सांगितलं. बस. पहिल्याच मुलाने सात मिनिटांत दोन पानं वाचली आणि पाच वेळा विचारलं की तुम्ही कुणाचे बाबा.

काका, सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, ते तेवढं राहू दे.

ताई, शनिवारच्या शाळेचा नवा फॉर्म झाला असेल तर मलाही पाठवा. मोठ्या गटाची जोडाक्षरं मी घेईन. त्यावर नाव घालतो.

– एक पालक