आहे तेच घर, थोडं नव्याने : कमी खर्चातले अनुभव

घर नव्याने करायचं म्हटलं की आधी सुताराचा आणि टाइल्सवाल्याचा अंदाज येतो, तो आकडा बघितला की बेत पुढच्या वर्षावर जातो. आमच्याकडे हे बरीच वर्षं चाललं. यंदा ठरवलं, तोडफोड करायचीच नाही. आहे ते उतरवायचं, धुवायचं, दुरुस्त करायचं, रंगवायचं आणि मग उरलेल्या पैशांचं बघायचं. जे झालं त्याने मी इतकी खूश आहे की हा धागा काढल्याशिवाय राहवलं नाही. तुम्हीही लिहा. ऐकीव युक्त्या नकोत, स्वतः केलेलं सांगा : काय वापरलं, टिकलं का, पुन्हा कराल का.

माझ्यापासून सुरुवात करते. काम एकच, स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं. लॅमिनेट शाबूत होतं, पण रंग विटलेला आणि शेगडीच्या बाजूला चिकट थर. दारं रंगवणं म्हणजे ब्रश फिरवणं असं वाटतं. खरा वेळ जातो तो धुण्या-घासण्यात, आणि रंग टिकणार की पोपडे धरणार हेही तिथेच ठरतं. दारं बिजागऱ्यांसकट उतरवली, प्रत्येकाच्या मागे नंबर टाकला आणि तोच नंबर कपाटाच्या आत. स्क्रू ज्या त्या दाराच्या पाकिटात. मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, बोट फिरवल्यावर कुरकुर वाजेपर्यंत. तेलकटपणा पूर्ण गेल्यावरच 180 नंबरचा पॉलिशपेपर, तोही फक्त चकाकी मरेपर्यंत. आधी घासून मग धुतलं तर तेल खरवडलेल्या जागेत आणखी रगडलं जातं, म्हणून हा क्रम सोडू नका. त्यावर गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा बाँडिंग प्रायमर, आणि स्पंजच्या छोट्या रोलरने पाण्यातल्या इनॅमलचे दोन पातळ हात. ऑइलपेंट घेतला नाही, कारण पांढरा ऑइलपेंट कमी उजेडात पिवळा पडत जातो.

रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. तोवर दारं हलक्या हाताने लावायची, पुसायला ओलं फडकं नको. घर खूप जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. तसं असेल तर कोरडं घासायचं नाही, आधी तपासून घ्यायचं. लहान मुलं असलेल्या घरात तर नक्कीच.

आता तुम्ही लिहा.

*

हँडलचं मी सांगतो. फक्त हँडल बदलली तरी कपाटं वेगळी दिसतात हे खरंच, पण खरेदीला निघण्याआधी जुन्याच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत. बहुतेक 96, 128 किंवा 160 मिलिमीटर निघतं. त्याच मापाचं नवीन घेतलं की एका स्क्रूड्रायव्हरवर काम होतं, ड्रिल लागत नाही. माप जुळलं नाही तर जुनी भोकं पुट्टीने भरणं, घासणं, रंगवणं असा व्याप वाढतो.

आणि दारं वाकडी लटकतायत म्हणून बदलायला निघाला असाल तर थांबा. आतल्या बाजूला लपणाऱ्या बिजागऱ्यांवर जुळवणीचे स्क्रू असतात. एकाने दार डावी-उजवीकडे सरकतं, दुसऱ्याने आत-बाहेर, आणि पट्टीवरच्या स्क्रूने वर-खाली. आमचं एक दार शेजारच्यावर घासायचं, कडेचा रंग गेला होता. पुढचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि दोन दारांमध्ये सरळ, सारखी फट दिसायला लागली. एवढ्याने सगळी रांग नवी वाटते. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर लाकडाचा डिंक लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या त्यात ठोका, वाळल्यावर कापा आणि पुन्हा स्क्रू घाला. पक्का बसतो.

*

भाड्याचं घर, त्यामुळे भिंतीला खिळा नाही, रंग नाही. कपाटांच्या दारांना चिकटणारी व्हिनाइल फिल्म लावली. मागचा कागद एकदम काढायचा नाही, वितभर वितभर सोडत जायचं आणि मागून फडकं गुंडाळलेल्या पट्टीने हवा बाहेर ढकलायची. कडांवर हेअर ड्रायरची गरम हवा दिली की फिल्म मऊ पडून वळते. काढतानाही तीच युक्ती, गरम करून हळूहळू ओढली की डिंक मागे राहत नाही. शेगडीच्या लगतच्या दाराला मात्र लावली नाही, उष्णतेने कडा सुटतात.

पडदे टेन्शनच्या दांडीवर लावलेत, स्प्रिंगच्या जोरावर राहतात. खिडकीच्या चौकटीपेक्षा वर आणि दोन्ही बाजूंना जास्त रुंद लावता आले तर खिडकी मोठी वाटते आणि उघडल्यावर काच झाकली जात नाही. दोन भिंतींच्या मधल्या खिडकीला हे दांडीवरही जमतं.

*

माझा विषय ओल. त्याचं निदान होईपर्यंत रंगावर पैसा घालू नका, हे मला अगदी मनापासून सांगायचंय. झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात काळे डाग आणि फुगलेला रंग. एका ठेकेदाराने भिंतीला हात न लावताच ओलरोधक रंग सुचवला. मी आधी एक साधी तपासणी केली : पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवला आणि एक-दोन दिवस तसाच ठेवला. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला आले तर खोलीतली वाफ गार पृष्ठभागावर जमतेय. आमचे थेंब खोलीकडचे निघाले.

म्हणजे गळती नव्हतीच. त्या बाहेरच्या भिंतीला कपाट अगदी टेकवून ठेवलेलं, मागे हवा फिरायला जागा नाही, आणि खोलीत कपडे वाळत घातलेले. कपाट चार बोटं पुढे ओढलं, कपडे दुसरीकडे, खिडकी रोज थोडा वेळ उघडी. बुरशी साफ करून भिंत पूर्ण वाळू दिली, मगच प्रायमर आणि रंग. ते सगळं एका डब्यात भागलं.

तुमचे थेंब भिंतीकडचे निघाले तर पाइप, गच्ची, बाहेरच्या भेगा हे आधी. आणि भिंतीवर पांढरी भुकटी फुटली असेल तर ती कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलीत तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

*

कपाटातल्या मागच्या रांगेतलं सगळं पुढे काढलं. निम्म्याहून जास्त वस्तू कुणी वापरत नव्हतं. त्या दिल्यावर नवीन मांडणी घ्यायची गरजच उरली नाही. इतकंच.

*

दिवे! यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. घर मळकट दिसत असेल तर आधी बल्बचं पाकीट बघा, त्यावर केल्विन लिहिलेलं असतं. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उबदार, 4000 च्या आसपास साधा पांढरा, 6500 म्हणजे निळसर पांढरा. आमच्याकडे बसायच्या खोलीत दोन्ही टोकांचे बल्ब एकत्र होते, त्यामुळे एकच भिंत एका बाजूला पिवळी आणि दुसऱ्या बाजूला निळसर. सगळे 3000 चे केले आणि भिंतीला रंग न देता खोली शांत झाली.

स्वयंपाकघरात अडचण वेगळी असते. दिवा खोलीच्या मध्यावर आणि आपण ओट्याकडे तोंड करून, म्हणजे आपलीच सावली चिरण्याच्या जागेवर. वरच्या कपाटांच्या खाली एलईडी पट्टी लावली, पण भिंतीकडे नाही, कपाटाच्या पुढच्या कडेला, म्हणजे उजेड नेमका हातांवर पडतो. पट्टीला 4000 केल्विन घेतलं आणि रंग खरे दिसावेत म्हणून सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त 100) 90 च्या वरचं. ही एक वस्तू मी पुन्हा पुन्हा घेईन.

*

नवीन स्वयंपाकघर म्हणजे मोठं स्वयंपाकघर, हा समज माझा एका जुन्या आराखड्याने घालवला. 1926 मध्ये मार्गारेट श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. माप जेमतेम 1.9 मीटर बाय 3.4 मीटर. पण कुठली वस्तू कुठे हाताला येते याचा बारीक विचार : खिडकीपाशी बसून काम करता येईल अशी जागा, उंची बदलणारं स्टूल, नाव लिहिलेले अॅल्युमिनियमचे ओढता येणारे खण, सरकवता येणारा छताचा दिवा. काम करणाऱ्या बाईच्या चालण्याचा आणि वाकण्याचा हिशेब तिथे आहे.

ते वाचून मी एक दिवस फक्त स्वतःकडे लक्ष दिलं. चिरायचं ओट्याच्या डाव्या टोकाला, सुऱ्या उजव्या टोकाच्या खणात. रोजचं पातेलं खालच्या कपाटात सर्वांत मागे. एक पैसाही न खर्चता खणांची अदलाबदल केली : सुऱ्या आणि पाट चिरायच्या जागेखाली, झारे-डाव शेगडीजवळ, धुतलेली भांडी ठेवायची मांडणी सिंकच्या लगत.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्या रोजच्या वस्तू कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात आणल्या. त्या उभ्याने चिरायच्या तेव्हा खांदे वर चढायचे. उभं राहून काम करायचा पृष्ठभाग कोपरापेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर खाली असावा लागतो, आमचा ओटा त्यांच्यासाठी उंच पडत होता. जेवायचं टेबल मोजलं तर ते खुर्चीवर बसून चिरायला बरोबर उंचीचं निघालं. ते खिडकीपाशी ओढलं आणि आता त्यांची चिराचिरी तिथेच चालते. आधी "मला नको काही बदल" म्हणत होत्या, आता त्या टेबलावर दुसऱ्या कुणी काही ठेवलेलं त्यांना चालत नाही.

*

फरशीच्या सांध्यांबद्दल. खायचा सोडा आणि 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड यांची पेस्ट लावून थोडा वेळ ठेवायची आणि जुन्या टूथब्रशने घासायची. व्हिनेगर सगळीकडे सुचवलं जातं, पण आम्ल सिमेंटचे सांधे खातं आणि संगमरवरावर कायमचे मळके डाग पाडतं. आणि कृपा करून ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अॅसिड मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेलं क्लीनरही ब्लीचबरोबर नको. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं.

सिंकभोवतीचं काळं पडलेलं सिलिकॉन घासून निघत नाही, कारण बुरशी आत गेलेली असते. आणि जुन्यावर नवं धरत नाही. ब्लेडने पूर्ण काढा, जागा पुसून कोरडी करा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मधे एकसारखी धार, ओल्या बोटाने एकदाच फिरवा आणि टेप लगेच ओढा. 24 तास पाणी लागू द्यायचं नाही. यानंतर सिंक बदलायचा विषयच निघाला नाही.

*

चिमणीच्या जाळ्या काळ्या झाल्यात म्हणून नव्या मागवणाऱ्यांसाठी : स्टीलच्या असतील तर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, थर सुटून येतो. अॅल्युमिनियमच्या असतील तर सोडा नको, धातू काळा पडतो. त्यांना साबणाचं गरम पाणीच. नळाची धार बारीक झाली असेल तर तोंडाची जाळी फिरवून काढा आणि व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. नवा नळ बहुतेक वेळा लागत नाही.

*

भिंतीच्या रंगाबद्दल थोडं. छटेच्या पत्रिकेवरून निवडू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. मी निवडलेला राखाडी रात्री जांभळा दिसत होता, पुठ्ठ्यावरच कळलं. भिंत खडबडीत असेल तर मॅट घ्या, चकाकी प्रत्येक उंचवटा दाखवते. स्वयंपाकघरात पुसता येईल असा सॅटिन. गुळगुळीत, प्रायमर दिलेल्या भिंतीवर एका लिटरमध्ये एका हाताला साधारण 10 ते 12 चौरस मीटर होतं. आधी भिंत मोजली म्हणून आमच्याकडे उरलेले डबे साठले नाहीत.

लाकडाला जवसाचं तेल लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर सपाट पसरून वाळवा.

*

धागा काढणाऱ्या ताईंना विचारायचंय, दारांच्या आतल्या बाजूलाही रंग दिलात का? माझ्याकडे अशीच दारं आहेत आणि पुढच्या आठवड्यात सुरू करतेय.

*

नाही दिला. आतून फक्त धुतली, शाबूत होती. कडांना मात्र तीन हात दिले, कारण नखं आणि ओले हात तिथेच लागतात. आणि सुरू करण्याआधी सिंकखालच्या दाराची खालची कड बोटाने दाबून बघा. पाणी शिरून आतला भुसा फुगला असेल तर तिथे कुठलाही रंग धरणार नाही. तेवढं एक दार नवीन करून घ्या, बाकीची तशीच रंगवा. सगळी एकाच डब्यातून आणि एकाच वेळी रंगवलीत तर नवं दार कुठलं ते ओळखू येत नाही.