आमदारांच्या दारात कार्यकर्त्यांनी जावं की नाही?

कोरडवाहू: "कार्यकर्त्यांनी आमदारांच्या मागे फिरणं बंद करून वस्तीत काम करावं. दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी 18 वर्षं फिरले, काय मिळालं?" असं 'माळरान' यांनी काल लिहिलं. ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

1995 साली विधान परिषदेत जादूटोणाविरोधी ठराव झाला. 2005 साली विधानसभेत विधेयक मंजूर झालं आणि परिषदेत अडकलं. मधल्या सगळ्या वर्षांत दाभोलकरांनी दर अधिवेशनाला मसुदा घेऊन आमदारांना भेटायचं, आक्षेप ऐकायचे, कलमांची भाषा बदलायची, पुन्हा जायचं. यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही हे आज कायद्यातच लिहिलेलं आहे, ते त्या आक्षेपांचं उत्तर आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात नागपूरला कायदा झाला. मसुदा तयार नसता तर कसला वटहुकूम काढला असता?

आमच्या तालुक्यात एका बाईला करणी करते म्हणून मारलं, तेव्हा पोलीस ठाण्यात साध्या मारहाणीची नोंद झाली होती. कायदा आल्यानंतर तसंच प्रकरण पुन्हा घडलं. आम्ही कायद्याची प्रत घेऊन गेलो. ठाण्यातला अंमलदार म्हणाला, "असा कायदा आहे?" या कायद्यासाठी नेमलेला पोलीस, म्हणजे दक्षता अधिकारी कोण, हेही आम्हीच शोधून काढलं. दुपारी गेलो होतो, अंधार पडल्यावर गुन्हा नोंदला. पण नोंदला, योग्य कलमाखाली. ती बाई आज त्याच गावात राहते. हे मिळालं.

माळरान: ताई, दाभोलकरांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण तुमच्याच गोष्टीत माझं म्हणणं आहे: कायदा व्हायला माणूस जावा लागला. मी तीन हिवाळी अधिवेशनं नागपुरात काढली आहेत. आमदार निवासाच्या पायऱ्यांवर बसलो, पीएंच्या हातापाया पडलो. एकल महिलांच्या अनुदानावर एकदा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचा प्रश्न, लागला. "हे खरे आहे काय?" उत्तर आलं, "अंशतः खरे आहे." पुढच्या तिन्ही उपप्रश्नांना "प्रश्न उद्भवत नाही." त्या वर्षभरात वस्तीतला बचतगट मोडला, कारण मी तिथं नव्हतो. त्या बायकांना आजही तोंड दाखवताना जड जातं.

आणि बेकायदेशीर संघटनांवर बंदी घालण्याच्या जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे 12 हजारांहून जास्त सूचना आल्या. जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालंच ना?

पायवाट: मूळ गोंधळ वेगळाच आहे. फ्लेक्सवर आमदाराशेजारी हात जोडून उभा असतो तोही 'समाजसेवक', आणि दोन वर्षं समाजकार्याचं एमएसडब्ल्यू करून तुटपुंज्या मानधनावर राबणारी मीही 'समाजसेवक'. आमदार कुणाला आत घेणार? आधी हे नाव त्यांच्याकडून काढून घ्या.

कोरडवाहू: हा मुद्दा खरा आहे, पण त्याचा वेगळा धागा काढा.

झाडीपट्टी: कायदा आणून काय होते ते आमच्या चंद्रपूरले विचारा. 2015 मध्ये दारूबंदी आली, 2021 मध्ये उठली. सहा वर्षं दारू घरपोच मिळत होती, दुप्पट भावाने. माझा चुलतभाऊ बनावट दारू पिऊन गेला. आमदारांना निवेदनं देणाऱ्यांपैकी त्याच्या तेराव्याला कोणी आलं नाही.

वैनगंगा: तुमच्या भावाचं वाईट वाटतं. पण ती बंदी मंत्रालयातून पडली नव्हती. डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरला हजारो बाया पायी गेल्या, अधिवेशनावर. त्यात माझी आई होती. पायाला फोड आले होते, हळद-तेल लावून चालली. बंदी आली त्या वर्षी आमच्या घरात पहिल्यांदा दिवाळीला भांडण झालं नाही. उठवताना कोणी आईला विचारलं?

झाडीपट्टी: एका घरच्या दिवाळीवर जिल्ह्याचा कायदा चालत नाही.

वैनगंगा: आणि एका घरच्या मयतीवर चालतो? मार खाणारी बाई तुमच्या हिशोबात मोजलीच जात नाही. पुरुष मंडळींनी आधी एक आठवडा दारुड्याच्या घरात राहून दाखवावं, मग बोलावं.

झाडीपट्टी: मी दारुड्याच्याच घरात वाढलो. माझ्या बापाबद्दल तुम्हाला काही माहीत नाही, तेव्हा जपून बोला.

वैनगंगा: चुकलं माझं, ते वाक्य मागे घेते. बाकीचं नाही.

पायवाट: शेजारी गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे आणि टिकली आहे. तिथं आधी गावांनी आंदोलन केलं, आणि आता मुक्तिपथ या व्यसनमुक्ती अभियानाचे लोक गावोगाव फिरतात. चंद्रपुरात बंदी आल्यावर गावात कोण राहिलं होतं?

झाडीपट्टी: हेच म्हणतोय मी. आमच्या गावात कोणी राहिलं नव्हतं.

वैनगंगा: आईच्या गटातल्या बाया राहिल्या होत्या. भट्टी पकडून द्यायच्या, आठवड्यात ती परत पेटायची. थकल्या. इतकं मान्य आहे की नागपूरला जाताना आम्ही हजारांनी होतो आणि नंतर ठाण्यावर जाताना सात जणी.

माळरान: मग मी काल काय वेगळं लिहिलं होतं?

कोरडवाहू: वेगळंच लिहिलं होतं. तुम्ही "जाऊच नका" म्हणालात. या सात जणींच्या हातात बंदी होती म्हणून भट्टी पकडून तरी देता आली. आज तीच भट्टी परवाना लावून उघडली तर त्या काय पकडून देणार? तुमचा बचतगट मोडला, कारण तुम्ही एकटे गेलात. आम्ही वाटणी करतो. दोघी अधिवेशनाला जातात, बाकीच्या गाव सोडत नाहीत. आणि तुमचा "अंशतः खरे आहे" मला पाठवा. शासनाने सभागृहात लेखी दिलेलं आहे ते. 'अंशतः' म्हणजे किती, यावर या डिसेंबरात आमदारांकरवी लक्षवेधी सूचना लावायचा प्रयत्न करू, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात खुलासा करावा लागेल.

माळरान: उत्तराची प्रत फाईलमध्ये आहे, शोधून पाठवतो. बचतगटाबद्दलचं तुमचं म्हणणं लागलं, पण चूक नाही. नागपूरला मात्र मी येणार नाही. त्या बायकांकडे जायचं आधी राहिलंय.