जॉर्डन-लेब्रॉन बास झालं, करीमचं काय?

गोडोलीकर
जूनमध्ये सकाळी सहाला एनबीएची (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल बघून कोर्टावर गेलं की वाद एकच, सगळ्यात भारी कोण, मायकेल जॉर्डन का लेब्रॉन जेम्स. तिसरं नाव काढलं की पोरं हसतात. माझा एक नंबर करीम अब्दुल-जब्बार. 20 सीझन, 6 चॅम्पियनशिप आणि सीझनच्या एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा मान) 6. एवढ्या आजवर कुणालाच नाहीत. जॉर्डनला 5, लेब्रॉनला 4. फायनलचा एमव्हीपी 1971 ला मिल्वॉकीकडून, परत 1985 ला लेकर्सकडून, वय 38! त्या वयात आपल्याकडं माणूस गुडघ्याला तेल चोळत बसतो.

38,387 पॉइंट केले, त्यात थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरनं तीन पॉइंटचा शॉट) फक्त एक. बाकी खरी कमाई स्कायहुक या त्याच्या शॉटची. तो नीट बघितलाय का कुणी? बास्केटकडं खांदा करून उभं राहायचं, समोरचा आणि बॉल यांच्या मधे स्वतःचं अख्खं अंग, उजवा हात सरळ वर आणि मनगटाच्या झटक्यानं बॉल बोटांच्या टोकावरनं सोडायचा. माणूस 7 फूट 2 इंच. अडवणार कोण? आम्ही करायला गेलो की बॉल बोर्डावरनं पलीकडं.

पोवई नाका
दादा, 1975 आणि 1976 ला त्याची टीम प्लेऑफलाच (सीझननंतरच्या कपसाठीच्या फेऱ्या) गेली नव्हती. आणि 76 चा एमव्हीपी कोण? हाच! 1980 च्या फायनलची (आधी चार मॅच जिंकेल त्याचा कप) सहावी मॅच आठवा. करीम घोटा दुखावून घरी, आणि पहिल्याच वर्षाच्या मॅजिक जॉन्सननं 42 मारून कप आणला. जॉर्डनचं बघा. 6 फायनल, 6 कप, 6 फायनल एमव्हीपी. कंडका पडला.

शाहूपुरी एक्स्प्रेस
6 पैकी 6 चं तुणतुणं किती वाजवणार? 1985, 86, 87, तिन्ही वर्षं जॉर्डन पहिल्या फेरीत बाहेर. फायनल हरली तर डाग, आणि पहिल्या फेरीत घरी गेला तर ते हिशेबातच नाही? जॉर्डन बेसबॉल खेळायला गेला त्या 1993-94 ला त्याच्याविना त्याच्या बुल्सनी 55 मॅच जिंकल्या.

2016 घ्या. समोर 73 मॅच जिंकलेली गोल्डन स्टेट, लेब्रॉनची क्लीव्हलँड फायनलमध्ये 3-1 नं मागं. तिथनं सलग तीन. त्या सिरीजमध्ये दोन्ही टीम मिळून पॉइंट, रिबाउंड (हुकलेला बॉल धरणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास), स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं), पाचही गोष्टींत लेब्रॉन पहिला. आणि दादांचा तो 38,387 चा आकडाही फेब्रुवारी 2023 ला त्यानंच मोडला.

पोवई नाका
86 च्या पहिल्या फेरीत बोस्टनला जाऊन एका मॅचमध्ये 63 मारले, ते बरं गाळलंस! 1988 ला एमव्हीपी आणि सर्वोत्तम डिफेंडर एकाच सीझनला. डिफेन्सचा तो पुरस्कार लेब्रॉनला एकदाही नाही.

गोडोलीकर
1976 चं सांगतो. तेव्हा एमव्हीपीचं मत खेळाडूच द्यायचे. रोज ज्यांनी त्याच्यासमोर हात वर केले त्यांनीच त्याला निवडलं. आणि 1980 ला घोटा दुखावला तो पाचव्या मॅचमध्ये. त्याच पायावर परत येऊन 40 केले, टीम 3-2 नं पुढं गेली, म्हणून मॅजिकला सहाव्यात संपवता आलं. हे कुणी सांगत नाही.

कराडचा काका
पोरांनो, बिल रसेल म्हणून कोणी होता का नव्हता? बोस्टनकडून 13 सीझन, 11 चॅम्पियनशिप. शेवटच्या दोन तर स्वतः कोच असताना. ब्लॉक मोजायला लागले 1973-74 पासनं, हा 1969 लाच रिटायर. त्याचं निम्मं काम कागदावर आलंच नाही.

शाहूपुरी एक्स्प्रेस
काका, तो आला तेव्हा लीगमध्ये टीमच 8. बऱ्याच वर्षी दोन सिरीज जिंकल्या की कप हातात. आता चार जिंकाव्या लागतात.

कराडचा काका
गोळेश्वरच्या खाशाबांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, ते पण मैदानात पैलवान किती होते ते मोजून लहान करणार का? 8 टीम म्हणजे चांगली माणसं 8 ठिकाणीच, हलका दिवस नाहीच. विल्ट चेंबरलेननं 1961-62 ला मॅचला 50.4 ची सरासरी ठेवली. कप कुणी नेला? बोस्टननं. आणि सिरीजच्या सातव्या मॅच म्हणशील तर रसेल 10 खेळला, 10 जिंकला. तुमच्या तिघांपैकी कोणाचं असलं काही असेल तर टाका.