मदत हवी आहे: जर्मनीत बास्केटबॉल खेळणं थांबलं, तिथेच कोचिंग करायचंय, परवानगी अडली

लिंबूपाणी
घाईत लिहितेय. मावसभाऊ चार मोसम प्रोबी लीगमध्ये (जर्मनीतली तिसऱ्या पातळीची लीग) खेळला. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खेळणं बंद सांगितलंय. करार 30 जूनला संपतो. क्लबने 16 वर्षांखालच्या मुलांचा कोच + मोठ्या संघाचा असिस्टंट असं काम देऊ केलंय, महिना 2600 युरो ब्रुटो (कर कापण्याआधी) आणि खोली. वकील म्हणतात कोच म्हणून परवानगी मिळणार नाही, पगार कमी पडतो. काही मार्ग आहे का? लवकर सांगा.

राइनकाठ
वकील बहुधा कामाच्या परवानगीच्या नियमावलीतलं कलम 22, क्रमांक 4 बघताहेत. व्यावसायिक खेळाडू आणि कोच दोघांनाही तेच लागतं. अटी दोन: पेन्शन विम्याची वर्गणी ज्या कमाल पगारापर्यंत आकारतात त्या मर्यादेच्या निम्मा तरी पगार हवा, आणि त्या खेळाच्या महासंघाने कोच म्हणून पात्रतेला दुजोरा द्यायला हवा. 2026 ची मर्यादा महिना 8450, म्हणजे किमान 4225 ब्रुटो. 2600 त्यात बसत नाही.
पण मग चार मोसम खेळला कसा? प्रोबीत एवढा पगार सहसा नसतो. पासपोर्ट कुठला? राहण्याच्या परवान्याच्या कार्डासोबतच्या त्सुझात्सब्लाटवर (कामाच्या अटींचा जोडकागद) काय लिहिलंय ते शब्दशः टाका.

पोस्टअप_काका
त्यापेक्षा भारतात येऊन पतियाळाला एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) एक वर्षाचा कोचिंग डिप्लोमा करावा. इथे शाळा-कॉलेजांत कोच म्हणून जायचं तर त्या कागदाला मान आहे.

झोन_२३
काका, प्रश्न जर्मनीतल्या नोकरीचा आहे.
माझं मत वेगळंच. 16 खालची मुलं घेऊच नयेत, थेट मोठ्या संघासोबत राहावं. माइक डी'अँटोनी 1990 साली मिलानमध्ये खेळणं थांबवून त्याच क्लबचा हेड कोच झाला. खेळाडूंच्या मनातला मान ताजा असतो तेव्हाच घ्यायचं.

बॅककोर्ट
असहमत. लिथुएनियाचा पॉइंट गार्ड यासिकेविचियसचं बघा. 2014 ला तिथल्या झालगिरिस क्लबमध्ये खेळणं थांबवलं, आधी तिथेच असिस्टंट, जानेवारी 2016 ला हेड कोच, 2018 ला युरोलीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत. पॉइंट गार्डला खेळ दिसतो, पण आपल्याला दिसलेलं पंधरा वर्षांच्या मुलाला तीन शब्दांत सांगणं हे वेगळं काम आहे. ते मुलांच्या संघावरच शिकता येतं.

झोन_२३
तो असिस्टंटही मोठ्या संघाचाच होता, मुलांचा नव्हे. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

लिंबूपाणी
पासपोर्ट अमेरिकन. जन्म न्यू जर्सीचा, कॉलेज तिथलंच. हे लिहायचं राहिलं, आमच्या घरी सगळ्यांना माहीत असतं म्हणून. त्सुझात्सब्लाटवर क्लबचं नाव आणि 'बास्केटबॉल खेळाडू' एवढंच आहे.

राइनकाठ
मग गोष्ट बदलली! त्याच नियमावलीतलं कलम 26 बघा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, इस्रायल अशा काही देशांच्या नागरिकांना पात्रतेची अट न लावता कुठल्याही कामासाठी मंजुरी देता येते, 4225 ची अट तिथे नाही. मात्र आर्बाइट्सआगेंटूर (सरकारी रोजगार कार्यालय) दोन गोष्टी तपासते: त्या जागेवर पहिला हक्क असलेला कोणी (जर्मन, ईयू नागरिक) उपलब्ध आहे का, आणि पगार त्या भागातल्या तशाच कामाएवढा आहे का.
अडतं ते इथे. क्लब 'एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस' हा नोकरीच्या तपशिलाचा फॉर्म भरतो आणि कामाच्या रकान्यात नुसतं 'कोच' लिहितो. तासांचा हिशोब लिहायला लावा: मुलांचे सराव, मोठ्या संघाचे सराव, व्हिडिओ, सामन्याचे दिवस. खोली करारात पैशांत मोजलेली हवी. 2600 पूर्णवेळाचे की 30 तासांचे, यावर तुलना ठरते.
अर्ज कार्डाची मुदत संपण्याआधी गेलाच पाहिजे. मग फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग (निर्णय होईपर्यंतचं तात्पुरतं पत्र) मिळतं आणि जुनी परवानगी चालू राहते, पण जुन्याच कामापुरती. 1 जुलैला कोच म्हणून शिट्टी गळ्यात घालायची नाही, नवी मंजुरी येईपर्यंत थांबायचं.

आडवा_पास
गुडघ्याबद्दल कोणीच विचारलं नाही. दुखापत सामन्यात की सरावात? पगारी खेळाडूचा अपघात विमा जर्मनीत 'फाउबेगे' या संस्थेकडे असतो आणि अशी दुखापत कामावरचा अपघात धरली जाते. खेळ सोडावा लागला तर उपचारांपलीकडे नव्या पेशात जाण्यासाठीही मदत मागता येते, कोचिंगचं शिक्षण त्यात मांडता येईल. मिळेलच असं नाही, मागावं लागतं. दुर्खगांग्सआर्त्स्टचा (कामावरचे अपघात तपासणारा नेमलेला डॉक्टर) अहवाल आहे का?
आणि आर्बाइट्सआगेंटूरमध्ये 'काम शोधतोय' अशी नोंद करार संपायच्या तीन महिने आधी करायची असते. उशीर झाला तर बेकारी भत्त्याचा एक आठवडा कापतात.

लिंबूपाणी
मोसमातल्या सामन्यातच. अहवालाचं आजच विचारते. कोचिंगचं लायसन्स नाहीये, ते आधी करायचं का?

बॅककोर्ट
लगेच नाव घाला. सी लायसन्स म्हणजे 120 तासिका, प्रत्येकी 45 मिनिटांच्या. प्रथमोपचाराचं 9 तासिकांचं प्रमाणपत्र वेगळं लागतं, ते एका शनिवारी होतं. लहान मुलांबरोबर काम म्हणून क्लब 'विस्तारित फ्युरुंग्सत्सॉयग्निस' (गुन्हे नसल्याचा दाखला) हेही मागेल. कोर्स जर्मनमध्ये असतो. त्याचं जर्मन कसं आहे? ड्रेसिंग रूमपुरतं असेल तर आतापासून वर्ग लावा. मुलांचा संघ कुठल्या लीगमध्ये, जेबीबीएल (16 खालच्यांची देशपातळीवरची लीग) की जिल्हा? लायसन्सची अट लीगनुसार बदलते.

तिसरा_पंच
थोडं विषयांतर, पण नवे कोच हमखास चुकतात ते टाइमआउटवर. पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन, आणि शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच. चौथ्या क्वार्टरची 2:00 मिनिटं उरेपर्यंत दुसऱ्या अर्ध्यातला एकही घेतला नाही तर तिसरा जातो. टाइमआउट 60 सेकंदांचा, मुलं बेंचवर येऊन पाणी घेईपर्यंत पंधरा गेलेले असतात. उरलेल्यात बचावाची एक सूचना, आक्रमणाची एक. बोर्डवर पाच खेळी काढल्या की मुलं पेनकडे बघत बसतात.

झोन_२३
हे मोठ्यांनाही लागू.

लिंबूपाणी
जर्मन बी1 (मध्यम पातळी) आहे. संघ जेबीबीएलचा. वकिलांना कलम 26 पाठवलंय, पगाराचे तास लिहून मागितलेत. नोंदीचे तीन महिने मात्र आधीच उलटलेत, उद्या सकाळीच करायला सांगते.